धरणे आणि अर्ज

परमुलखात नोकरीनिमित्त राहणारी चार मराठी माणसे एकत्र जमली, की हवापाण्याचे बोलणे लवकरच संपते आणि गाडी दोन विषयांवर येऊन थांबते. एक सरकार आणि दुसरे घर. कोणाची बदली मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर झालेली असते, कोणाचा निवासस्थानाचा अर्ज तीन वर्षे एकाच टेबलावर विसावलेला असतो, कोणाची थकबाकी 'विचाराधीन' असते. ते आटोपले की गावच्या वाड्याची वाटणी निघते. चुलतभावाने परस्पर विकलेले आंबराईतले झाड निघते. दरमहा पैसे पाठवूनही 'तुम्हांला काय, तुम्ही सरकारी' हा शेरा पदरी येतो, त्याची सल निघते. चहा निवतो, मंडळी उठतात आणि दोन्ही गाऱ्हाणी होती तिथेच राहतात.

ही सल आजची आहे, असे मात्र कोणी समजू नये. मराठी माणूस घर सोडून ज्या ज्या ठिकाणी जाऊन राहिला, तेथील त्याच्या इतिहासाचा मोठा भाग अशा गाऱ्हाण्यांनीच भरलेला आहे. त्याचा दाखला पाहावयाचा असेल, तर काशीसारखे दुसरे ठिकाण नाही.

दशाश्वमेध घाटावर उभा राहिलेला मराठी प्रवासी पायाखालच्या दगडाकडे सहसा पाहत नाही. हा घाट पहिल्या बाजीरावांच्या काळात, इ. स. १७३५ च्या सुमारास पक्का बांधला गेला आणि १७७४ मध्ये अहल्याबाई होळकरांनी त्याचा विस्तार केला, असे सांगतात. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई याच १७३५ साली काशीयात्रेस आल्या होत्या. पेशव्यांनी येथे घाट बांधले, अन्नछत्रे घातली, विद्वानांना वर्षासने दिली. पण काशी त्यांची कधीच झाली नाही. ती अयोध्येच्या नवाबांकडे होती आणि १७७५ मध्ये त्यांच्याकडून इंग्रज कंपनीकडे गेली. त्यामुळे काशीतील मराठी माणसाच्या नशिबी पहिल्यापासून दोन सरकारे आली. वर्षासनासाठी त्याचे डोळे पुण्याकडे लागलेले, आणि डोक्यावर अंमल दुसऱ्याचाच. अठराव्या शतकाच्या मध्यात पेशव्यांच्या फौजा उत्तरेत सरकू लागल्या, की येथील दक्षिणी ब्राह्मण हरखून जाण्याऐवजी धास्तावत. फौज आज येईल आणि उद्या जाईल, नवाबाशी गाठ आपली आहे, हे ते पुरते ओळखून होते. दूरच्या ठाण्यावर नोकरी केलेल्या वाचकाला ही धास्ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

घराचेही तसेच. संसार आणि भाऊबंदकी यांस विटून माणूस काशीस जातो, अशी आपली समजूत. पण घर त्याच्या मागोमाग येतेच. नाथमहाराजांचे चिरंजीव हरिपंडित यांची कथा चरित्रकारांनी सांगितली आहे. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि परान्न घेतात, याचा राग येऊन हे शास्त्री काशीस निघून आले. नवल असे, की ज्या प्राकृत भाषेचा मुलाला कमीपणा वाटला, तिच्यातील एकनाथी भागवत १५७३ मध्ये याच काशीत पुरे झाले होते. शेवटी नाथांना मुलाच्या अटी मान्य करून त्याला पैठणास परत न्यावे लागले. बापलेकांचा हा रुसवा कोणत्या मराठी घरात झाला नाही?

पुढे पेशव्यांच्या घराण्यातील भाऊबंदकीही गंगेच्या आश्रयास आली. १७९६ मध्ये चिमाजी अप्पांना काही काळ पेशवाईच्या गादीवर बसविण्यात आले होते. यशवंतराव होळकरांनी पुणे घेतल्यावर अमृतरावांच्या हाती कारभार आला. दोघेही दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ, एक सख्खे आणि एक दत्तकाच्या नात्याचे. शनिवारवाड्यात जे तिघे एकत्र नांदू शकले नाहीत, ते तिघेही अखेर कंपनीच्या तनख्याच्या यादीत एकत्र नांदले. अमृतरावांस सात लक्ष, बाजीरावांस आठ लक्ष आणि चिमाजी अप्पांस दोन लक्ष रुपये सालीना. अमृतराव कर्वीस आणि काशीस राहिले. आजचा राजा घाट एके काळी त्यांच्या नावाने ओळखला जाई. चिमाजी अप्पा काशीतच राहिले आणि त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, जन्मास आली.

येथवर गाऱ्हाण्यांचे मूळ पाहिले. आता ती मांडण्याची रीत पाहू. कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे. जुन्या काळी गाऱ्हाणे मांडण्याचा एक मार्ग म्हणजे धरणे. ज्याचे येणे असे तो देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसे. आतल्या माणसाला त्याला ओलांडून बाहेर पडता येत नसे, आणि दारात उपाशी माणूस असता आपण जेवणे हेही लोकलज्जेस धरून होत नसे. तेव्हा बाहेरच्याबरोबर आतल्यालाही उपास घडे. आपल्याकडे यालाच तगादा म्हणत. १८१९ च्या आपल्या अहवालात एलफिन्स्टन साहेबांनी पेशवाई मुलखातील तगाद्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. फौजेतही हीच रीत होती. पगार थकला की शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरून बसत. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून हे प्रसंग लिहून ठेवले आहेत. म्हणजे घरगुती देण्याघेण्याला जे हत्यार, तेच सरकारालाही. उंबरठा तेवढा बदले.

धरण्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्यात जुलूमही होता. काशीकडे काही ब्राह्मण विष किंवा खंजीर जवळ ठेवून धरणे धरीत आणि ब्रह्महत्येच्या भयाने खोटे येणेही वसूल होई. म्हणून कंपनीने १७९५ मध्ये कायदा करून काशी प्रांतात ही रीत बंद केली. 'तक्रार असेल तर अदालतीत अर्ज करा', असा नव्या राज्याचा सांगावा होता. तो सर्वस्वी वाईट होता असे कोण म्हणेल? पण त्या दिवसापासून गाऱ्हाणे दारातून उठले आणि कागदावर जाऊन बसले. दारातला माणूस दिसतो. कागदातला दिसत नाही.

बंद केलेली ही रीत पंधरा वर्षांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर परत आली, की कंपनीचे अधिकारी थक्क झाले. १८१० च्या पंधराव्या कायद्याने शहरातील घरांवर कर बसला. राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा पाच आणि दुकानाच्या भाड्यावर शेकडा दहा. डिसेंबरच्या अखेरीस काशीने दुकाने बंद केली आणि सारे शहर धरण्यास बसले. लोहार, गवंडी, विणकर, न्हावी, शिंपी, कहार असे सारे आपापल्या पंचायतीच्या शपथेने बांधले गेले. वीस हजारांहून अधिक माणसे बसली असल्याचे कलेक्टराने कळविले. अंत्यसंस्काराची कामे करणारेही उठेनात, म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडावी लागत होती. काशीत ही गोष्ट घडावी, यावरून त्या निर्धाराची कल्पना येईल. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडील दक्षिण्यांची घरेही या कराच्या कक्षेबाहेर नव्हती.

लोकांनी दिलेला अर्जही वाचण्यासारखा आहे. पूर्वीच्या कोणत्याही बादशहाने रयतेच्या वडिलार्जित घरावर आपला हक्क सांगितला नव्हता, हे त्यात मांडले होते. मुद्रांक शुल्क, अदालतीचे शुल्क आणि जकाती यांनी रयत आधीच पिचली आहे. त्यावर हा कर म्हणजे हिंदू-मुसलमान सर्वांच्याच जखमेवर मीठ, असा त्याचा आशय होता. जे सरकार घराच्या उंबऱ्याच्या आत आले, त्याच्याविरुद्ध लोक घराबाहेर येऊन बसले. मॅजिस्ट्रेट बर्ड साहेबांनी जाहीरनामे काढले, फौज आणली. काशीच्या राजाने मध्यस्थी केली तेव्हा लोक उठले. त्या वेळी अर्ज मान्य झाला नाही. दबावाला सरकार नमले असे दिसू नये याची पुरेपूर दक्षता घेतली गेली. पण १८१२ उजाडले आणि तो कर रद्द झाला.

आता याच्या शेजारी काही निव्वळ अर्ज ठेवून पाहा. १८५१ मध्ये दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास वारले आणि आठ लक्षांचा तनखा बंद झाला. नानासाहेबांनी लिहिले, अपील केले. १८५३ मध्ये अझीमुल्ला खान थेट विलायतेस गेले. उत्तर नकाराचेच आले. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली; राणीसाहेबांनी खलिते पाठविले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. तेही फेटाळले गेले. ही गाऱ्हाणी मोठी होती, कायदेशीर आधार असलेली होती, उत्तम कलमाने लिहिलेली होती. पण ती एकेका घराची होती, आणि ज्यांनी ती वाचली त्यांना त्या घराचा उंबरठा कधी दिसला नव्हता. पुढे १८५७ साली काय झाले, ते सांगावयास नको.

त्याच वर्षी वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेस निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. वाटेत दोन सरकारांच्या लढाईत ते सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले. गंगेची कावड तेवढी त्यांनी घरी पोचविली आणि आईवडिलांस स्नान घातले. हे सारे त्यांनी १८८३ मध्ये लिहिले आणि १९०७ मध्ये ते छापले गेले. घर आणि सरकार यांच्यामध्ये चेपलेल्या साध्या मराठी माणसाचे एवढे प्रांजळ कथन दुसरे क्वचितच असेल.

परंतु ज्यांनी धरणेही धरले नाही आणि अर्जही केला नाही, अशी माणसे काशीत फार होती. घरातील विधवा आत्या, चुलती, सून यांना 'काशीवासास' पाठवून आमच्या घरांनी आपले प्रश्न निकालात काढले. महिन्याला थोडे पैसे पाठविले, पुढे तेही थकले. घाटाच्या पायऱ्यांवर आणि अन्नछत्रांच्या रांगांत त्यांचे आयुष्य सरले. सरकारविरुद्ध घरे एक होत. घराविरुद्ध त्यांच्या बाजूने बसणारे कोणी नव्हते. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा या मुक्या गाऱ्हाण्याची दखल घेणारे एक दार तरी उघडले.

स्त्रिया बसल्या तर काय होते, हे पाहण्यास आपल्याला आफ्रिकेत जावे लागते. नायजेरियातील इग्बो समाजात एखादा पुरुष बायकोला छळू लागला, तर गावातल्या स्त्रिया जमून त्याच्या अंगणात ठाण मांडीत, त्याची कृत्ये गाण्यातून सांगत, मुसळांनी घराच्या भिंती बडवीत आणि तो वठणीवर येईपर्यंत उठत नसत. त्यांच्या बोलीत याला 'त्या माणसावर बसणे' म्हणतात. १९२९ मध्ये इंग्रज सरकार स्त्रियांवरही कर बसविणार अशी बातमी पसरताच त्यांनी हीच रीत सरकारने नेमलेल्या गावप्रमुखांवर चालविली. हजारो स्त्रिया बाहेर पडल्या. गोळीबार झाला, पन्नासांहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. पण स्त्रियांवर कर बसला नाही आणि गावप्रमुखांची ती पद्धतही पुढे बदलावी लागली. जुलमी नवरा आणि जुलमी अंमलदार यांना एकच औषध, हे आपल्या धरण्याचेच तत्त्व सातासमुद्रापलीकडे दिसते.

मग अर्ज आणि लेखणी अगदीच निरुपयोगी समजावी काय? तसे नाही. काशीतच १८८३ मध्ये एका मराठी घराण्यात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर यांनी 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादन करून लेखणी साऱ्या प्रांताच्या गाऱ्हाण्यासाठी झिजविली. १९३० च्या सत्याग्रहात वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा गुप्तपणे निघणाऱ्या 'रणभेरी'मागेही तेच होते. स्वतःपुरते लिहिले तर अर्ज होतो; दुसऱ्यांसाठी लिहिले तर त्याच लेखणीचे धरणे होते.

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. अर्जांची नोंद करणे, त्यांवर टिपण लिहिणे, ते पुढे सरकविणे किंवा दप्तरी दाखल करणे हा आमचा रोजचा व्यवसाय. आता अर्ज संगणकाच्या पडद्यावरून येतात, त्यांना क्रमांक मिळतो आणि 'निकाली' हा शेराही पडद्यावरच उमटतो. काम झटपट झाले, यात शंका नाही. पण १७९५ मध्ये दारातून उठलेला माणूस आणखी एक पायरी दूर गेला. चार मराठी मंडळींत बसून सरकारविषयी कुरकुरताना आम्ही सोयीस्करपणे विसरतो, की त्या दूरच्या प्रांतातील शेतकऱ्याच्या, निवृत्त शिपायाच्या किंवा विधवेच्या दृष्टीने सरकार म्हणजे आम्हीच. आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईच्या दृष्टीने, पैसे पाठवून मोकळे झालेले घर म्हणजेही आम्हीच.

वाचकांपैकी बहुतेक आमच्यासारखेच टेबलाच्या आतल्या बाजूस बसणारे आहेत. त्यांस एवढीच विनंती आहे. उद्या समोर येणाऱ्या कागदांपैकी एक तरी असा असेल, की जो लिहिणाऱ्याला शंभर मैलांवरून येऊन तुमच्या दारात बसणे शक्य नाही. तो दारात बसला आहे असे समजून तेवढा एक कागद वाचावा. आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आपल्याला जेवायचे नाही, असे क्षणभर धरून चालावे.