गरिबाची पेढी

डाळीच्या डब्यात पुरचुंडी, पदराच्या गाठीला नाणे, नाहीतर शेजारणींची भिशी, हीच आपल्या आज्या-पणज्यांची बँक होती. त्या पैशाला व्याज नव्हते. भिशीत आपला नंबर लागायच्या आत घरात आजारपण आले, तर डोरले सावकाराकडे जाई. ही अडचण कशी कशी दूर होत गेली, ते आपल्या भगिनींना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

१ एप्रिल १८८२ पासून सरकारने टपाल कचेऱ्यांतून बचत बँक चालू केली. त्याआधी १८७३ साली सरकारी बचत बँकांचा कायदा झाला होता. त्यात अज्ञान मुलांच्या आणि विवाहित स्त्रियांच्या ठेवींसाठी निराळी कलमे होती. म्हणजे लहान मूल आणि संसारी बाई यांचाही पैसा असतो, हे निदान कागदावर तरी मान्य झाले.

पण रोजंदारीवर जाणारा माणूस काम बुडवून कचेरीत कसा जाणार? १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट या बँकेने यावर उपाय काढला. तिचा माणूस रोज दारी येऊन दोन आणे नेऊ लागला. तीच ही आपल्या ओळखीची पिग्मी.

ठेव घ्यायला अशी सोय झाली, कर्जाचे मात्र अवघडच राहिले. १९६९ साली १४ बँका राष्ट्रीय झाल्या, तरी तारण नाही आणि सही येत नाही अशा बाईला कोण उभे करणार? तेव्हा बायकांनीच पुढाकार घेतला. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतील ४,००० कष्टकरी स्त्रियांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन १९७४ साली स्वतःची सहकारी बँक काढली. नोंदणीच्या वेळी हरकत निघाली की, या अडाणी बायका सह्या कशा करणार? तेव्हा पंधरा प्रवर्तक स्त्रियांनी रात्रभर बसून आपापले नाव गिरवले आणि दुसऱ्या दिवशी सह्या ठोकल्या! पुढे खातेदाराची ओळख पटावी म्हणून पासबुकावर फोटो लावण्याची युक्ती त्या बँकेने काढली.

मुंबईच्या गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायकांची गोष्टही अशीच. गिरणी कामगार पगार झाल्यावर पैसे देत, पण धान्य आधी भरावे लागे. मग वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज चुकत नसे. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीय बँकांनी त्यांना कर्ज दिले. सोन्याच्या तारणाचे काम शेजारणीच्या शब्दाने केले. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, तो याच विश्वासावर.

अलीकडे वयाप्रमाणेही सोयी झाल्या आहेत. २०१४ साली शिल्लक न ठेवता चालणारे जनधन खाते आले. २०१५ साली दहा वर्षांच्या आतील मुलींसाठी सुकन्या समृद्धी निघाली आणि त्याच वर्षी म्हातारपणासाठी अटल पेन्शन. अटल पेन्शनमध्ये वयाच्या साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात, पण नाव १८ ते ४० या वयातच घालावे लागते.

इथेच मन अडखळते. धुणे-भांडी करणारी किंवा भाजी विकणारी बाई चाळिशीपर्यंत सारी मिळकत मुलांच्या शाळेत आणि दुखण्या-खुपण्यात घालते. स्वतःच्या म्हातारपणाचा विचार तिला सुचतो तेव्हा हे दार लागलेले असते. तिला मग टपाल कचेरीतल्या दरमहा शंभर रुपयांच्या आवर्ती ठेवीसारखाच आधार उरतो. ही उणीव अजून भरून निघायची आहे.

तोवर आपल्या आळीतल्या तिशी-पस्तिशीच्या कष्टकरी बहिणींना मंडळात बोलावून त्यांचे अर्ज भरून द्यावेत, एवढे आपल्या हाती आहे. अहमदाबादच्या बायकांना सही शिकायला एक रात्र लागली. आपल्याला चार दुपारी पुरतील.