बाइक सरळ रस्त्यावरही एका बाजूला का ओढते? इंजिन आणि चिमट्याचं अलाइनमेंट असं तपासा

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतूवर मोटारसायकलींना बंदी आहे. त्यामुळे नवी मुंबईकरांची लाँग राइड निघते ती पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणाऱ्या एनएच-६६ ने, नाहीतर जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने. मागे बॅगा आणि पिलियन, पुढे खड्डे आणि घाट. अशा वेळी मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत नसेल, तर वेगात बाइक डोलायला लागते आणि ओल्या वळणावर तोल सावरणं अवघड होतं.

चिमटा म्हणजे काय?

मागचं चाक धरणारा स्विंगआर्म. गॅरेजमध्ये त्यालाच 'चिमटा' म्हणतात. बहुतेक बाइक्समध्ये तो पिव्होट बोल्टने चेसिसला जोडलेला असतो. हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग बाइक्सचं गणित वेगळं आहे. १९८० च्या एफएलटी मॉडेलपासून त्यांचं इंजिन रबर माउंटवर बसतं आणि चिमटा गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला जोडलेला असतो. म्हणजे रबर दमून इंजिन तिरकं झालं, की मागचं चाकही तिरकं होतं.

घरी कसं तपासाल?

१. बाइक सेंटर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या. चिमटा मागच्या टोकाला धरून डावी-उजवीकडे ढकला. खटखट जाणवली, तर बुश किंवा बेअरिंग गेलंय.

२. पिव्होट बोल्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ते सारखंच हवं. चिमट्यावरच्या खुणा नेहमी अचूक असतातच असं नाही, टेपवर विश्वास ठेवा.

३. मागच्या टायरला मागून दोरा गुंडाळा आणि दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणा. प्रत्येक बाजूला दोरा मागच्या टायरला दोन ठिकाणी नुसता टेकला पाहिजे, वाटेत स्टँडला अडकता कामा नये. हँडल सरळ ठेवा. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली, तर चाकं एका रेषेत आहेत.

४. मागच्या स्प्रॉकेटचे दात पाहा. एकाच कडेने घासलेले असतील, तर चेन तिरकी चालतेय.

दोष नेमका कुठे?

दुसऱ्या पायरीत फरक आला, तर चेन अॅडजस्टर फिरवून चाक सरळ करता येतं. त्यानंतर चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासा आणि एक्सल नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने कसा.

दुसरी पायरी बरोबर, पण तिसरी चुकली, तर वाकलेला चिमटा, चेसिस किंवा पुढचा फोर्क हे कारण असू शकतं. हार्लेमध्ये इंजिन माउंट आणि इंजिन सरळ धरणाऱ्या स्टॅबिलायझर लिंकही तपासाव्या लागतात. हे काम वर्कशॉपचंच. तोवर लाँग राइड नको.

कधी तपासायचं?

मोठ्या टूरच्या आधी, जोरात खड्डा बसल्यावर आणि मागचं चाक काढल्यावर प्रत्येक वेळी. ट्यूब असलेल्या टायरचं पंक्चर काढताना चाक उतरवावं लागतं आणि घाईत अॅडजस्टर पुढेमागे होतात. पंक्चरवाल्याकडून निघण्याआधी फक्त दुसरी पायरी करा. टेप असेल, तर दोन मिनिटांचं काम आहे.