जातिभेद मोजायचा कसा? माहिती संकलनामागील तत्त्वज्ञान

प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण आणि प्रयोग ही वर्तनविज्ञानातील माहिती संकलनाची प्रमुख साधने आहेत. यांपैकी कोणते वापरायचे, हे तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. वास्तव म्हणजे काय (सत्तामीमांसा), ते कसे कळते (ज्ञानमीमांसा) आणि संशोधन कोणत्या मूल्यांनी करायचे (मूल्यमीमांसा).

ऑगस्त कॉम्त (१७९८-१८५७) यांच्यापासूनचा प्रत्यक्षार्थवाद मानतो की, सामाजिक वास्तव संशोधकाच्या मतापासून स्वतंत्र असते व ते मोजता येते. मॅक्स वेबर (१८६४-१९२०) यांच्या मते माणसाची कृती समजण्यासाठी त्याने तिला दिलेला अर्थ समजला पाहिजे. या विचारातून मुलाखत व सहभागी निरीक्षणाला बळ मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांचा व्यवहारवाद सांगतो की, आधी समस्या पाहा, पद्धत तिच्यानुसार ठरवा.

हा फरक जातीच्या अभ्यासात स्पष्ट दिसतो. “तुम्ही नोकरी देताना जात पाहता का?” असे थेट विचारले, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येणार. म्हणून सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. मुख्य तुलनेतील अर्जांत पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. दलित व मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांतील भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणणारे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही महत्त्वाची मानत होते. दोन्ही अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाने भेदभाव किती हे दाखवले, तर तो कोणत्या भाषेत लपतो हे मुलाखतींनी दाखवले.

नैतिक प्रश्नही उरतो. अशा प्रयोगात कंपन्यांना आधी कल्पना दिली, तर प्रयोगच निरर्थक ठरतो. त्यामुळे संमतीविना माहिती घेणे केव्हा समर्थनीय, याचे उत्तर संशोधकाला द्यावे लागते. वस्तीतील माणसांच्या बाबतीत मात्र हेतू सांगून संमती घेणे आणि नाव गुप्त ठेवणे आवश्यक आहे.

वस्तीत सर्वेक्षणाला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच प्रश्नावली छापण्यापूर्वी ठरवावे : आपल्याला लोकांचे म्हणणे हवे आहे, वर्तन हवे आहे की अनुभव? चुकीच्या साधनाने भेदभाव सापडला नाही, तर ‘भेदभाव उरलाच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती आपलेच आकडे जातात.