नेमबाजीचे सुटे मेज (पालघर व बोईसर-तारापूर परिसर)

रायफल किंवा एअरगन टेकवून, बसून नेम धरण्यासाठी वापरायचे, उचलून नेता येणारे मेज. नेमबाज त्याला ‘बेंच’ म्हणतात, मात्र त्यावर कोणी बसत नाही. बंदुकीचा पुढचा भाग, दस्ता आणि दोन्ही कोपरे त्यावर टेकतात. बसायला स्टूल निराळे असते. पक्क्या रेंजवर हे काम सिमेंटचा ओटा करतो. ओटा नसेल तिथे घडीचे किंवा सुट्या पायांचे मेज लागते. पालघरच्या किनारपट्टीत ते निवडताना बंदुकीच्याही आधी जमीन पाहावी लागते, कारण समुद्रापासून डोंगरापर्यंतच्या अरुंद पट्ट्यात रेती, खाजण, भाताची खाचरे, मुरूम आणि कातळ असे सगळे पायाखाली येते.

ऑलिंपिक नेमबाजीत बंदूक मेजाला टेकवता येत नाही. ५० मीटर ‘थ्री पोझिशन्स’ प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. एनसीसीचे छात्रही .२२ रायफल सहसा पालथे पडूनच चालवतात. मेजाचे काम सरावाच्या आधीचे आहे. माणसाच्या हाताचा आणि श्वासाचा हेलकावा बाजूला ठेवून बंदूक आणि छर्रा स्वतः किती अचूक आहेत ते पाहणे, स्कोप जुळवणे म्हणजेच ‘झिरो’ करणे, आणि नवशिक्याला चाप हळू दाबण्याची सवय लावणे ही कामे मेजावर सर्वांत चांगली होतात. ‘बेंचरेस्ट’ या नावाने मेजावरून खेळायचा स्वतंत्र क्रीडाप्रकारही आहे. दिव्यांग नेमबाज पालथ्या प्रकारात खुर्चीत बसून मेजावर कोपरे टेकतात. त्यांच्यासाठी तर ते साधनच आहे.

लांब नळीच्या बंदुकीला टेकण लागते, हे या किनाऱ्याला जुने ठाऊक आहे. किल्ल्यांच्या तटाला ठेवलेल्या जंग्या, म्हणजे गोळीबारासाठीची भोके, आतल्या बंदूकवाल्याला आडोसा देत आणि नळीला आधारही. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा पोर्तुगीज किल्ला घेतला, त्या लढाईत त्यांचे सरदार बाजी भिवराव रेटरेकर पडले. तटाबाहेरून चालून जाणाऱ्याला असे टेकण मिळत नसे.

मेज घेण्याआधी कायदा माहीत हवा. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार .२२ रायफलीला परवाना लागतो आणि ती परवाना असलेल्या रेंजवरच चालवावी. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या, ०.१७७ इंची एअरगनला परवान्यातून सूट आहे, पण ती सूट बाळगण्यापुरती. छर्रा कुठे जाऊन पडतो याची जबाबदारी सुटत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तानसा किंवा तुंगारेश्वरच्या रानाकडे मेज घेऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही. केळवे, शिरगाव, चिंचणीचे किनारे माणसांनी भरलेले असतात. तिथे एअरगनही काढू नये. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या आसपास तर बंदूक घेऊन फिरणेच गैर. उरते ते रेंज, बंदिस्त शेड, किंवा मागे मातीचा उंच बांध असलेली, येणेजाणे बंद केलेली स्वतःची जागा. या नोंदीतले ‘मैदान’ एवढेच.

आता पायांकडे. मेज डुगडुगले की बाकी सगळे वाया. तीन दगडांची चूल कितीही उंचसखल जागी मांडली तरी हलत नाही, कारण तीन टेकू जमिनीला नेहमीच लागतात. चौथा दगड ठेवला की एक दगड अधांतरी राहतो. म्हणून उघड्या जमिनीसाठी तीन पायांचे मेज घ्यावे. चार पायांचे मेज शेडमधल्या कोब्यावर चांगले बसते, आणि तिथेही प्रत्येक पायाच्या बुडाशी उंची जुळवायचा स्क्रू असावा. तिपाईला दोष एकच: भार तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर गेला तर ती कलंडते. नेमबाज आपल्या बाजूच्या कडेवर कोपरांचा भार देतो, तेव्हा दोन पाय त्याच्या बाजूला ऐसपैस फाकलेले आणि तिसरा पुढे, अशीच रचना हवी. दोन पाय पुढे आणि एक नेमबाजाकडे असलेले मेज उभ्याने बघायला तेवढेच पक्के वाटते; त्याच्या कोपऱ्यावर कोपर टेकून पाहिले की फरक लगेच कळतो.

पाय खचण्याचे गणित साधे आहे. पायांमधले अंतर ९० सेंटिमीटर धरू. एक पाय १ मिलिमीटर खचला तर नेम १० मीटरवर सुमारे ११ मिलिमीटर आणि ५० मीटरवर सुमारे ५५ मिलिमीटर सरकतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ५० मीटरच्या लक्ष्यावर तो १०.४ मिलिमीटरचा. सरकलेला नेम नेमबाज पुन्हा जुळवतो हे खरे, पण मेज सावकाश खचत राहिले तर तो नकळत खांद्याने बंदूक ढकलत राहतो, आणि टेकण घेण्याचा उद्देशच संपतो.

खचणे थांबते ते पायाच्या बुडाने. मेज आणि त्यावर टेकलेल्या शरीराचा भाग मिळून ३० किलो धरले तर प्रत्येक पायावर १० किलो येतात. २५ मिलिमीटर व्यासाच्या बुडाखाली हा दाब चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या आसपास. त्याच पायाखाली १२ सेंटिमीटरची चौकोनी पट्टी जोडली तर ७० ग्रॅमपेक्षाही कमी. केळवे-माहीमकडच्या रेताड वाड्यांत अशा पट्टीशिवाय मेज उभे करू नये. भात कापल्यानंतरची खाचरे फसवी असतात: वरचा पापुद्रा वाळून टणक होतो, खाली ओल असते, आणि बारीक पाय दहाव्या-बाराव्या छर्र्याला पापुद्रा फोडून आत जातो. खाजणात मेज मांडूच नये. मुरमाड माळ सर्वांत चांगला; तिथे पायाच्या टोकाला लोखंडी खिळा असला तर तो बसतो आणि सुटत नाही. कातळावर मात्र तोच खिळा घसरतो, तिथे जाड रबरी टोपी लागते. पट्टी, खिळा आणि टोपी अशी तिन्ही बुडे बदलून लावता येतील असे मेज मिळाले तर दोन पैसे जास्त मोजावेत. ते नसेल तर बोईसरच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्ट्या कापून, भोक पाडून घेता येतात.

हलके मेज उचलायला बरे आणि नेम धरायला वाईट. बारा-पंधरा किलोचे मेज एकट्याने गाडीपर्यंत नेता येते. त्याहून जड घेतले की ते हळूहळू घरीच राहू लागते. वजन मैदानावर वाढवावे. पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या मधोमध आकडा असावा आणि त्याला पाण्याचा २० लिटरचा जार टांगावा, म्हणजे २० किलो वजन खालच्या अंगाला येते. जार जमिनीला निसटता टेकू द्यावा, नाहीतर तो वाऱ्यावर झुलतो आणि मेजही झुलवतो.

फळीची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास ठीक, पण खरा मेळ स्टुलाशी आहे. बसल्यावर खांदे उचलले जात नसतील आणि मान वाकत नसेल तर उंची बरोबर. स्टूल मेजाच्याच सांगाड्याला जोडलेले, गोल फिरणारे नमुने सोयीचे दिसतात. त्यांत बसणाऱ्याची प्रत्येक हालचाल फळीत उतरते. अचूकता हवी असेल तर स्टूल सुटेच घ्यावे. फळीला छातीसाठी खाच असते. ती उजव्या हाताच्या माणसासाठी कापलेली असेल तर डावखुऱ्याला निरुपयोगी ठरते, हे घेताना विसरले जाते.

साहित्याबाबत समुद्र कोणाला सोडत नाही. साध्या लोखंडी पाइपवरचा रंग घडीच्या जागी खरवडला जातो आणि खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. जस्ताचा मुलामा दिलेला किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा टिकतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि नट आतून नायलॉनची कडी असलेले घ्यावेत, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाहीत. फळीसाठी आय.एस. ७१० छापाचा मरीन प्लाय घ्यावा, आणि कापलेल्या कडा वॉर्निशने बंद कराव्यात, कारण पाणी तिथूनच शिरते. सागाची फळी सुंदर दिसते, पण जड होते. बिजागऱ्यांकडे सगळ्यांत बारकाईने पाहावे: घडीच्या मेजातला हादरा बहुधा तिथूनच येतो. अडकवायची खिट्टी भोकात घट्ट बसायला हवी.

बंदूक थेट फळीवर ठेवत नाहीत. पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या घेतात. त्यांत चौपाटीची वाळू भरू नये. तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढते, पिशवी दमट राहते आणि बंदुकीच्या नळीला डाग पडतात. धुऊन उन्हात वाळवलेली नदीची वाळू चालते. पुढची पिशवी गच्च, मागची थोडी सैल भरावी. मागची मुठीत दाबून नेम वरखाली करतात. स्प्रिंगच्या एअरगनला निराळी वागणूक लागते. तिच्या आत दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक आधी मागे आणि मग पुढे झटका देते, तोही छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. कडक टेकणावर ती उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात. पुढचा हात मऊ पिशवीवर उताणा ठेवून तळव्यावर बंदूक नुसती विसावू द्यावी.

किनाऱ्याजवळ दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात, रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारे वाहतात. हलक्या छर्र्याला दोन्ही ढकलतात. या दोहोंच्या पालटाची सकाळची निवांत वेळ झिरो करण्यासाठी उत्तम. उन्हासाठी छत्री लावलीच तर तिचा दांडा जमिनीत रोवावा, मेजाला बांधू नये.

दुकानात परीक्षा अशी करावी. मेज पूर्ण उघडून जमिनीवर ठेवावे, फळीवर काठोकाठ पाण्याने भरलेला पेला ठेवावा आणि कोपर टेकून बसावे. श्वासागणिक पाणी थरथरत असेल तर सांगाडा कच्चा आहे. मग फळीचे तिन्ही-चारी कोपरे एकेक करून दाबावेत, पाय पिळून पाहावेत आणि मेज पाच वेळा घडी करून पुन्हा उघडावे. पाचव्या वेळी खिट्टी पहिल्याइतकीच घट्ट बसली पाहिजे. मेअखेर पावसाळ्याच्या तोंडावर बोल्ट काढून तेल लावावे, फळी सुटी करून भिंतीला उभी ठेवावी, आणि पिशव्या रिकाम्या करून वाळू डब्यात भरून ठेवावी.