उद्योगप्रमुखाची एकाग्रता आणि कंपनीची वाटचाल

कंपनीचे भांडवल, अभियंत्यांचे बळ आणि प्रमुखाचा वेळ या तिन्ही गोष्टी मर्यादित असतात. त्यामुळे कोणते काम करायचे यापेक्षा कोणते सोडायचे, हा निर्णय अधिक कठीण ठरतो. पुण्याच्या बजाज ऑटोचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७२ साली आलेली ‘चेतक’ स्कूटर ही या कंपनीची घरोघरी पोहोचलेली ओळख होती. मात्र २००१ मधील ‘पल्सर’च्या यशानंतर मोटरसायकलवरच लक्ष केंद्रित करण्याचे धोरण व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्वीकारले आणि २००९ मध्ये स्कूटरनिर्मिती थांबवण्याचे जाहीर केले. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी या निर्णयाबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली होती.

पुढे मोटरसायकल निर्यातीत कंपनीने देशात आघाडी घेतली. परंतु गिअरविरहित स्कूटरची वाढती बाजारपेठ होंडाच्या ‘अ‍ॅक्टिव्हा’सारख्या स्पर्धकांच्या हाती गेली. अखेर २०२० मध्ये ‘चेतक’ विजेवर धावणाऱ्या रूपात परतली. एकाग्रतेने कंपनीला बळ मिळते, तशी सोडलेल्या बाजारपेठेची किंमतही मोजावी लागते. तंत्रज्ञान बदलताच जुन्या निर्णयाचा फेरविचार करणे, हाही एकाग्र नेतृत्वाचाच भाग मानावा लागेल.