निघालेला फोटो जातो कुठे?

जगातला सर्वांत जुना उपलब्ध कॅमेरा-फोटो पन्नासेक वर्षं बेपत्ता होता. फ्रान्सच्या निसेफोर न्येप्सनं १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं कथिलाच्या मिश्रधातूच्या एका पत्र्यावर उतरवली होती. १८२७ साली तो इंग्लंडला गेला आणि परतताना हा पत्रा तिथल्या एका परिचिताकडे ठेवून आला. १८९८च्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला आणि त्यानंतर त्याचा मागच लागेना. अखेर १९५२मध्ये हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकाराच्या चिकाटीला यश आलं आणि पत्रा एका जुन्या ट्रंकेत सापडला. तो शाबूत होता. कुठे ठेवलाय, तेवढंच लोक विसरले होते.

याच्या नेमकी उलट गोष्ट त्याआधीची, १८०२ सालची. थॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात आपल्या प्रयोगांची हकिगत छापली. सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर किंवा पांढऱ्या कातड्यावर झाडाचं पान ठेवून उन्हात धरलं, की पानाची आकृती उमटायची. पण ती पाहायला उजेडात न्यावी, तर उरलेला भागही काळा पडत जायचा आणि पान त्यात बुडून जायचं. त्यामुळे ही चित्रं अंधारात ठेवायची आणि पाहायची झालीच तर मेणबत्तीच्या मंद उजेडात.

‘फोटो सेव्ह होत नाही’ ही आजच्या स्मार्टफोनवाल्यांची तक्रार या दोन्ही गोष्टींची वंशज आहे. एकाच तक्रारीत दोन दुखणी असतात. फोटो टिकलाच नाही, हे वेजवुडचं दुखणं. टिकला, पण सापडत नाही, हे न्येप्सच्या पत्र्याचं. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत आणि ते शोधायला माणसाला दोनशे वर्षं लागली आहेत.

पहिल्या दुखण्यावर औषध दिलं शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी. ‘हायपो’ या नावानं पुढे प्रसिद्ध झालेलं रसायन चांदीचे क्षार विरघळवतं, हे त्यांनी १८१९मध्येच दाखवून दिलं होतं. १८३९च्या जानेवारीत त्यांनी ते फोटोवर वापरलं. उजेड न लागलेले क्षार हायपोत धुऊन निघाले, की चित्राला काळं पाडायला काही उरतच नाही. याला म्हणतात फोटो ‘फिक्स’ करणं. डार्करूममध्ये हात भिजवलेल्या प्रत्येकाला हायपोचा ट्रे ठाऊक आहे, आणि नंतर नीट धुतला नाही तर हाच हायपो काही वर्षांनी प्रिंट पिवळी पाडतो, हेही.

ही विद्या मुंबईत लवकर आली. १८५४मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी विद्वान मंडळी तिच्यात होती. तेव्हाची नवी पद्धत ‘वेट कलोडियन’. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओलं आहे तोवरच धुवायचाही. काच वाळली की संपलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती भराभर वाळणार; म्हणून घराबाहेर निघालेल्या फोटोग्राफरला काचा, बाटल्या आणि काळोखा तंबू बरोबर बाळगावा लागे. पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८मध्ये कोडॅकचा शंभर फोटोंचा कॅमेरा आला, आणि फोटो टिकवण्याची जबाबदारी फोटो काढणाऱ्याकडून दुकानदाराकडे गेली. ती पुन्हा आपल्या हाती आली डिजिटल कॅमेऱ्यामुळे.

पहिला हाती धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा १९७५मध्ये कोडॅकच्याच तरुण इंजिनिअरनं, स्टीव्हन सॅसननं, रॉचेस्टरला बनवला. सुमारे ३.६ किलो वजनाचा तो डबा १०० गुणिले १०० म्हणजे दहा हजार ठिपक्यांचा काळा-पांढरा फोटो टिपायचा. टिपायला क्षण पुरे. पण तो फोटो बाजूला लावलेल्या साध्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. एका कॅसेटवर किती फोटो ठेवायचे, हे सॅसननं स्वतः ठरवलं: ३०. फिल्मच्या रोलमध्ये २४ किंवा ३६ फोटो असत, म्हणून मधला आकडा.

ते २३ सेकंद आजच्या फोनमध्येही आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. बटण दाबलं की फोटो आधी तात्पुरत्या मेमरीत जातो, तिथे अनेक फ्रेम एकत्र होतात, उजेड-सावली जुळवली जाते आणि मग तो कायमच्या जागी लिहिला जातो. नेमक्या त्या वेळात बॅटरी संपली, ॲप बंद पडलं किंवा जागाच उरली नाही, तर फोटो खरोखर जातो. तो गॅलरीत शोधून उपयोग नसतो.

दुसऱ्या दुखण्याची मुळं नव्वदच्या दशकात आहेत. तेव्हा कॅमेरा कंपन्या मेमरी कार्डावर आपापल्या पद्धतीनं फोटो ठेवत, त्यामुळे एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्यात वाचलं जाईलच असं नव्हतं. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगानं १९९८मध्ये एक नियम घालून दिला. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर असेल. त्याच्या आत १०० ते ९९९ अशा आकड्यांनी सुरू होणारी फोल्डरं. त्यांच्या आतल्या फोटोंच्या नावात चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९पर्यंतचा क्रमांक. आठ अक्षरांची ही मर्यादा जुन्या डॉस संगणकप्रणालीची. कॅमेरे बदलले, फोन आले, तरी कोणत्याही अँड्रॉइड फोनचा फाइल मॅनेजर उघडावा आणि तिथे ‘डीसीआयएम’ आणि त्यात ‘कॅमेरा’ असं फोल्डर दिसावं, हा त्या १९९८च्या नियमाचा ठसा आहे.

स्मार्टफोननं मात्र या सरळ कपाटाला कुलपं लावली. २००८मध्ये आलेल्या टी-मोबाइल जी-वन या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःची मेमरी अवघी २५६ एमबी होती; कार्ड काढलं की कॅमेरा फोटो घ्यायलाच नकार देई. त्या काळात कुठलंही ॲप कार्डावर कुठेही लिहू शकत असे, आणि दुसऱ्यानं ठेवलेलं वाचूही शकत असे. हे धोक्याचं होतं. म्हणून अँड्रॉइडच्या २०१३च्या किटकॅट आवृत्तीनं बाहेरच्या ॲप्सना कार्डावर मोकळेपणी लिहिण्याची बंदी केली. काल चालणारी कॅमेरा ॲप्स अपडेटनंतर कार्डावर फोटो ठेवीनाशी झाली. २०१५पासून ॲप वापरताना परवानगी विचारू लागलं. घाईत पुन्हा पुन्हा नकार दाबला गेला, तर तो सेटिंगमध्ये जाऊनच बदलावा लागू शकतो. २०१९च्या अँड्रॉइड १०नं प्रत्येक ॲपला स्वतःची चौकट आखून दिली. बंधनं योग्यच होती, पण त्यांची कल्पना सामान्य माणसाला कुणी दिली नाही.

त्यातच गॅलरी हे कपाट नसून कपाटाची यादी आहे. फोन फोटोंची नोंदवही ठेवतो आणि गॅलरी ती वाचून दाखवते. नोंद राहून गेली, किंवा फोल्डरमध्ये ‘नोमीडिया’ नावाची छोटी फाइल पडली, की फोटो जागेवर असूनही दिसत नाही.

भारतात याच्या जोडीला जागेची टंचाई आली. रोज सकाळी येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी स्वस्त फोन भरून जाऊ लागले. डिसेंबर २०१७मध्ये गुगलनं दिल्लीत जागा मोकळी करणारं ‘फाइल्स गो’ ॲप आणलं, ते अशाच फोनसाठी. बाजारात मिळणारी नकली मेमरी कार्डं हा आणखी एक घात. छापील आकडा मोठा, आतली जागा थोडी. ती संपल्यावर कार्ड फोटो घेतल्यासारखं दाखवतं, पण उघडताना हाती काही लागत नाही.

तेव्हा फोटो दिसेना झाला, की आधी ठरवावं, दुखणं कोणतं. फाइल मॅनेजरमधून ‘डीसीआयएम’ पाहावं, कार्ड असेल तर तिथलंही. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा कोणती निवडली आहे ते, त्यानंतर परवानग्या आणि शेवटी मोकळी जागा. चुकून पुसला असेल तर आयफोनमध्ये तो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवसांपर्यंत असतो. कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणत असेल तर ते मान्य करू नये. त्यावर नवा एकही फोटो न काढता ते बाहेर काढावं आणि जाणकाराकडे न्यावं. आणि ज्या फोटोंवाचून घर चालणार नाही, त्यांची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवावी, कुठे ठेवली हे घरातल्या आणखी एकाला सांगून.