तत्त्वनिष्ठेला इंग्रजीत काय म्हणावे?

एका जुन्या विद्यार्थ्याने परवा फोनवर विचारले, "सर, 'आगरकर तत्त्वनिष्ठ होते' हे इंग्रजीत कसे लिहू?" प्रश्न साधा वाटला, पण शब्दकोश दोन दिवस टेबलावर उघडाच राहिला.

पहिल्यांदा सुचतो तो 'लॉयल्टी'. पण ती बहुधा कुणा माणसावर, संस्थेवर किंवा सत्तेवर असते. आगरकरांच्या काळात तर तिचा अर्थ राजनिष्ठा असाच घेतला गेला असता!

मग 'कन्व्हिक्शन'. म्हणजे ठाम मत. कोर्टाने दोषी ठरवणे यालाही इंग्रजीत हाच शब्द. गंमत पाहा, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांच्या वाट्याला दोन्ही अर्थ आले आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

तरीही हा शब्द पुरत नाही. ठाम मत न्यायमूर्ती रानड्यांचेही होते. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तिला त्यांनी शिकवले, पुढे त्याच रमाबाईंनी स्त्रियांसाठी मोठे काम उभे केले. म्हणून रानड्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण मत आणि वर्तन यांत फट पडली, हे खरेच.

ही फट नसणे म्हणजे 'इंटिग्रिटी'. गणितातला 'इंटिजर', आपला पूर्णांक, याच लॅटिन कुळातला. मूळ अर्थ अखंड, न तुटलेला. आगरकरांनी एम.ए. होऊनही मोठ्या पगाराची वाट धरली नाही आणि आईला तसे आधीच कळवून टाकले. ते 'केसरी'चे पहिले संपादक, पण मतभेद झाल्यावर १८८७ साली त्यांनी ते पद सोडले आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले.

माझ्या मते 'इंटिग्रिटी' हाच शब्द योग्य. ठाम मते आपल्या सगळ्यांचीच असतात हो! हुंडा नको, कर्मकांड नको, असे आपण म्हणतोच. पण घरात कार्य निघाले आणि वडीलधारी मंडळी अडून बसली, की आपण आगरकरांसारखे वागतो की रानड्यांसारखे? ज्याचे त्याने मनाशी तपासून पाहावे.